वरवंट्याच्या कानात

बोत्र्यांच्या घरात मिक्सर आला त्या वर्षापासून वरवंट्याला एकच काम उरलं होतं. कोठीच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकून बसायचं. आज मात्र त्याची चैन होती. सुभद्राबाईंनी सकाळीच त्याला ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, तेल चोळलं, अंगडं-टोपरं घालून वर कुंची बांधली आणि टोपऱ्याखाली, जिथे गाल असायला हवा तिथे, काजळाची तीट लावली. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा, म्हणजे बाळ तसंच टणक होतं आणि कुणाची वाईट नजर असलीच तर ती आधी दगडावर खर्च होते. महाळुंग्याच्या चारही बाजूंनी कंपन्या उभ्या राहिल्या, पण हा रिवाज कुणी मोडला नव्हता.

"आई, दगडाचे किती लाड चाललेत!" थोरली सून जयमाला घुगऱ्या उपसता उपसता म्हणाली.

"आसूं दे. ह्याला तरी कुणी आंजारलंय का कवा," सुभद्राबाई म्हणाल्या आणि वरवंटा खांद्यावर टाकून त्याची पाठ थोपटत बाहेर गेल्या. जयमालाला हसायचं होतं, पण सासू ज्या सवयीने थोपटत होती ते पाहून तिला हसायला आलं नाही.

बंगल्याच्या कंपाउंडला लागूनच पत्र्याचे पार्ट दाबायची कंपनी होती. तिथल्या प्रेसचा ठोका पडला की कपाटातल्या कपबशा किणकिणत आणि हॉलमध्ये टांगलेल्या पाळण्याच्या साखळ्या हलत. रिकामा पाळणा आपोआप हलताना पाहून नवख्या माणसाला घाम फुटला असता. बोत्रे मंडळी तिकडे बघतही नसत. माणसाला कशाचीही सवय होते, आणि या घराला तर जरा जास्तच लवकर होत असे.

सासू बाहेर गेल्याची खात्री करून जयमालाने गॅस बारीक केला. स्वयंपाकघरात आता तिचा धाकटा दीर रणजीत होता आणि चिखलीहून आलेली नणंद दीपमाला होती. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत सासरे, भैरूअण्णा, बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि ते उठतही नव्हते.

"मग आज ठरवायचं ना?" जयमाला म्हणाली. "पाहुणे गेले की तेजूला चिंचवडला तिच्या मामीकडं सोडायचं. बाळ इथं. माझ्याजवळ. तिचं डोकं ठिकाणावर येईस्तोवर."

"तान्हं पोर आईपासून तोडायचं?" दीपमाला म्हणाली. "वहिनी, बाळंतपणात बायका विसरतातच की. मी चहाला मोहरीची फोडणी दिली होती. आमचे हे प्यायले पण मुकाट्याने."

"फोडणी वेगळी, दीपाताई. ह्या कार्टीने पोराला गच्चीवर नेऊन ठेवलं होतं. कुरडयांच्या चादरीवर, कुरडयांच्या मधोमध. मी वाळवण परतायला गेले म्हणून दिसलं. ऊन सरकत सरकत त्याच्या पायापर्यंत आलं होतं. गेलेच नसते तर?" जयमाला धूर्त बाई नव्हती. त्या दुपारपासून तिला खरोखरच झोप नव्हती. "त्याआधी गॅस चालू, खाली जाळ नाही. बाळाचे चांदीचे वाळे तांदळाच्या डब्यात. विचारलं की म्हणते, मीच विसरले असेन. असेन म्हणजे काय?"

रणजीतने कपाळ चोळलं. चाकणच्या कंपनीत तो सुपरवायझर होता. शंभर माणसांची शिफ्ट लावायची म्हटली तर लावायचा, पण स्वतःच्या बायकोचं काय चाललंय हे त्याला उलगडत नव्हतं. "मामीचे गुडघे धरलेत. तिला तिथं कोण बघणार? त्यापेक्षा इथंच वरच्या खोलीत झोपू दे. शांत आहे. बाळ रात्री वहिनीकडं."

वरच्या खोलीचं नाव निघालं तशी भैरूअण्णांची मान वर झाली.

जुनं घर पाडून बंगला बांधला तेव्हा सगळं नवं आलं. एक सागवानी दार तेवढं चांगलं होतं म्हणून वरच्या खोलीला लावलं. त्या दाराची कडी बाहेरून होती. अण्णांच्या आईला, अंबुबाईला, शेवटी शेवटी कुणी ओळखू येईना, ती भरदिवसा विवस्त्र गावात जाऊ लागली, तेव्हा ती कडी बसवली होती. त्या कडीमागे अंबुबाई बरीच वर्षं जगली. जेवण आत सरकवायचं काम सुनेचं, सुभद्रेचं होतं; ती सासूला आत्याबाई म्हणायची.

"अण्णा, तुम्ही बोला की," रणजीत म्हणाला.

अण्णा तळहातांकडे बघत राहिले. "लेकराला जपाया पायजे," एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने घेतला.

---

आतल्या खोलीत तेजस्विनी बाळाला पाजत होती आणि भिंतीपलीकडचं सगळं तिला ऐकू येत होतं. तिला राग आला नाही. भीती वाटली, ती त्यांची नाही, स्वतःचीच.

लग्नाआधी ती भोसरीच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. पार्टचे नंबर तिला तोंडपाठ असत. सातव्या महिन्यात एकदा तिला कुकर हा शब्दच सापडेना. "ते शिट्टीवालं द्या," असं ती जयमालाला म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या. मोबाईल फ्रिजमध्ये कोथिंबिरीखाली निघाला, तेव्हाही हसल्या. असं काही सापडलं की तिच्या डोक्यात लगेच दिवा लागे, अरे हो, कोथिंबीर काढताना ठेवला होता.

गच्चीचं तसं नव्हतं. वाळ्यांचं नव्हतं. गॅसचंही नव्हतं. तिथे ती कितीही आठवायला बसली तरी दिवा लागत नसे. आपण जिना चढलो, चादरीवर जागा केली, बाळाला निजवलं, यातलं काही म्हणजे काहीच नाही. मग तिने मनाशी एक समजूत करून घेतली, आणि ती समजूत आठवणीतल्या त्या भोकापेक्षा भयंकर होती. आपल्याला डोळा लागला की आपल्यातलीच दुसरी कुणीतरी उठत असावी. ती आपल्या पायांनी चालते, आपल्या हातांनी बाळाला उचलते, आणि परत आणून ठेवायचं विसरते. आरशात केस विंचरताना तेजस्विनी हल्ली खाली बघायची. समोरची कोण आहे याची खात्री नको वाटायची.

"मीच विसरले असेन," हे ती आधीच म्हणून टाकी, म्हणजे बोलणं थांबत असे.

एका गोष्टीवर मात्र तिचा अजून विश्वास होता. दवाखान्यातल्या सिस्टरने तिला सांगितलं होतं, कुठल्या बाजूने पाजलंस ते या दिवसांत आठवत नाही, तर ब्लाउजला सेफ्टी पिन लाव. उजवीकडे पाजलं की पिन डावीकडे, डावीकडे पाजलं की उजवीकडे. पिन विसरत नाही. आणि खरंच, पिन कधी चुकली नव्हती.

बाळाने तोंड सोडलं. ते जाडजूड, आपल्यातच रमलेलं पोर होतं. भावकीत एका मागून एक सुतकं पडत गेल्याने तिसरा महिना लागला तरी त्याला नाव नव्हतं. सगळे त्याला बाळ्या म्हणत. बाहेर बायकांच्या हसण्याचा आवाज झाला. वरवंटा फिरवून झाला असावा.

दार लोटून सुभद्राबाई आत आल्या. एका खांद्यावर कुंचीतला वरवंटा. "दे हिकडं. प्यालं का?"

"हो. झोप आलीय त्याला."

सासूने दुसरा खांदा पुढे केला. तेजस्विनीने बाळ त्यांच्या हातात दिलं. क्षणभर दोन्ही खांद्यांवर दोन टोपरी, दोघांनाही तीट. त्यातलं एक हललं म्हणून बरं. सुभद्राबाई उभ्या उभ्या डुलायला लागल्या. त्यांच्या ओठांतून काही शब्द निघत होते, ऊन चढायच्या आत जाया पायजे, असलं काहीतरी. तेजस्विनीचं लक्ष पिनेकडे होतं. तिने ती उजवीकडून काढली, डावीकडे लावली, पदर सारखा केला.

"मी येऊ का बाळाला घेऊन?" तिने विचारलं.

"तू जा फुडं. फोटोवाला खोळांबलाय. मी आनते की."

ती बाहेर गेली.

---

बारशाला आत्याचा मान. दीपमालाने त्यासाठी पैठणी नेसली होती आणि चिखलीपासून महाळुंग्यापर्यंतच्या ट्रॅफिकला शिव्या देत आली होती. फोटोवाल्याने तिला पाळण्याच्या डावीकडे उभं केलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. पोरगा साधासुधा, पण लग्नातले सगळे प्रयोग बारशात करून पाहत होता. बायका उकडून कावल्या. वैशाखाचं ऊन खिडकीच्या काचा तापवत होतं. तेजस्विनी पाळण्याशेजारी खुर्चीत बसली होती, सारखी आतल्या दाराकडे बघत.

"आईंना इतका वेळ का लागतोय?" ती पुटपुटली.

"येतील गं. धीर धर," जयमाला म्हणाली आणि नजर चुकवली.

शेवटी सुभद्राबाई आल्या. धाप लागलेली, चेहरा लाल. कुंचीचा पडदा तोंडावर ओढलेलं गाठोडं त्यांनी उराशी घट्ट धरलं होतं. कुणी हात पुढे करायच्या आत त्यांनी ते स्वतःच पाळण्यात ठेवलं. पाळण्याच्या साखळ्या करकरल्या. दीपमालाला वाटलं, भाच्याने चांगलंच अंग धरलंय.

"तोंड उघडू नगा. नजर लागंल," सुभद्राबाई म्हणाल्या.

शेजारच्या शालनबाईंनी दीपमालाच्या पाठीवर धपाटे घालायला हात सरसावले. दीपमाला वाकली. कुंचीच्या आत तोंड नेलं. मऊ कापड, वेखंडाचा वास. कान कुठे असेल ते अंदाजाने शोधत ती कुजबुजली, "सिद्धेश." आणि मानासाठी आणखी एकदा, "सिद्धेश." दुसऱ्या खेपेला तिचे ओठ कानाला लागले.

कान गार होता.

पाठीवर धपाटे पडत होते, बायका हसत होत्या, टाळ्या वाजत होत्या. दीपमालाला वर उठता येईना. उन्हाने घर भाजून निघत असताना तो गारवा तिच्या ओठांतून थेट पोटात उतरला. तिने कुंची मागे सारली. काजळाची तीट लावलेला काळा दगड तिच्याकडे बघत होता.

प्रेसचा ठोका पडला आणि पाळणा हलला.

---

"बाळ कुठंय?" तेजस्विनी उठली होती. "आई, बाळ कुठंय?"

"मला काय म्हाईत?" सुभद्राबाई खरोखरच गोंधळल्या होत्या. "तू दिलंस त्येच आनून ठिवलं की मी."

"मी बाळ दिलं. आईंच्या हातात दिलं मी."

हॉलमधल्या सगळ्या माना हळूहळू सुभद्राबाईंवरून निघून तेजस्विनीवर येऊन थांबल्या. गेल्या महिन्यातल्या गोष्टी गावात पोहोचल्या होत्याच. गावात काय पोहोचत नाही?

"तेजू," जयमालाने तिचे खांदे धरले. "माझ्याकडं बघ. आठव. पाजलंस, मग काय केलंस? कुठं ठेवलंस?"

"आईंच्या हातात…"

"आई नाही म्हणतायत ना! रणजीत, गच्ची बघ आधी. पळ!"

रणजीत जिन्यावरून धावला. बायका खोल्यांत शिरल्या. पलंगाखाली, कपाटांत, कोठीत, बाथरूममध्ये. एकीने तांदळाचा डबाही उघडला. कुठूनही रडण्याचा आवाज येत नव्हता, आणि ते सगळ्यात वाईट होतं. रणजीत परत आला तो घामाने निथळत. "वर नाही. तेजू, प्लीज. आठव ना. बाहेर किती ऊन आहे!"

तेजस्विनीने डोळे मिटले. आठवायला लागली तशी ती दुसरी तिच्या आत उभी राहिली. तिचेच हात, तिचीच पावलं. गेलीच असेल ती. मी बाहेर येण्याआधी, कुठंतरी नेऊन ठेवलं असेल मी. सगळे म्हणतात तर असेलच. "मीच…" ती म्हणाली, "मीच विसरले…"

बोलता बोलता हात सवयीने छातीशी गेला. पिन डावीकडे होती.

ती थांबली. बोटांनी पिन चाचपली. आत खोलवर, बऱ्याच दिवसांनी, दिवा लागला.

"नाही," ती म्हणाली. आवाज एवढा वेगळा होता की दीपमाला वळून बघायला लागली. "मी विसरले नाही. पाजून झाल्यावर मी पिन बदलली. ही बघा. पिन लावायला दोन हात लागतात, ताई. माझे दोन्ही हात रिकामे होते. तेव्हा बाळ आईंच्या खांद्यावर होतं. एका खांद्यावर वरवंटा, एका खांद्यावर बाळ. मी बघितलंय. मला आठवतंय."

"म्हणजे आई खोटं बोलतायत?" जयमाला म्हणाली.

"खोटं नाही. त्यांना माहीतच नाही."

भैरूअण्णा पाळण्यापाशी उभे होते आणि बायकोच्या पायांकडे बघत होते. सुभद्रेच्या टाचांना काळी माती लागली होती. बंगल्याभोवती सगळीकडे सिमेंटचे ब्लॉक बसवलेले. काळी माती आता एकाच जागी उरली होती, कंपाउंडच्या पार मागे, जुन्या विहिरीभोवती.

त्यांना सगळं ठाऊक होतं. वर्ष झालं असेल. चालू सोडलेला गॅस त्यांनी कितीदा बंद केला होता. एकदा सुभद्रेने त्यांनाच विचारलं होतं, आवं, तुमी कुनाकडं आलाय? त्या दिवशी ती भानावर आल्यावर त्यांचे पाय धरून रडली होती. माजी अंबुआत्या करू नगा. कुनाला कळू देऊ नगा. त्यांनी वचन दिलं. मग नवी सून पोटुशी राहिली, शब्द विसरू लागली, आणि अण्णांना आडोसा मिळाला. सुभद्रेच्या हातून काही घडलं की घर आपोआप तेजस्विनीकडे बघायचं. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. गच्चीवर सुभद्रेला बाळ घेऊन जाताना त्यांनी पाहिलं नव्हतं, पण कळलं तेव्हा ओळखलं होतं. तेव्हाही ते गप्प बसले.

बाहेर पत्रे तापले असतील.

"आई, आठवा ना," रणजीत आता आईला हलवत होता. "कुठं नेलं?"

सुभद्राबाई रडायला लागल्या. "मला न्हाई ठावं… मला न्हाई…"

"तिला तसं इचारू नगं," अण्णा म्हणाले. ते पुढे आले. बायकोपुढे उकिडवे बसले, आणि बोलले ते कुणी कधी न ऐकलेल्या, तरण्या आवाजात. "सुभद्रे. शेताला पानी आलंय, दारं धरायची हायती. लेकरू कुटं हाय?"

सुभद्राबाईंचं रडं थांबलं. चेहरा निवळला. "कुटं आसनार? हिरीपाशी. बाभळीला झोळी बांदलीया. आत्ता निजलंय, उठवू नगा."

ती बाभळ कंपनी आली त्या वर्षीच तोडली होती.

---

तेजस्विनी अनवाणी धावली. ब्लॉक तव्यासारखे तापले होते. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बाहेर, रिकाम्या ड्रमांच्या रांगेमागून, जाळी टाकलेल्या विहिरीला वळसा घालून पंपाच्या खोपटाकडे. खोपटावर पत्रा होता. पत्र्याखालच्या लोखंडी आडव्या बारला जुन्या नऊवारीची झोळी बांधलेली होती.

झोळी हलत होती. जवळ कुणी नव्हतं.

भिंतीपलीकडे प्रेस पडत होता. ठोका पडला की जमीन थरथरे, बार थरथरे, आणि झोळी एका लयीत पुढे-मागे होई. कुणीतरी बसून झोका देतंय असंच वाटावं. तेजस्विनीने झोळीत हात घातला. बाळ घामाने चिंब होतं, लालबुंद, डोळे उघडे. आईला पाहून त्याने ओठ काढले आणि मग असा काही टाहो फोडला की ती तिथेच काळ्या मातीत बसली. त्याच्या ओरडण्याने तिच्या जिवात जीव आला. "आहे, आहे, आहे," एवढंच ती म्हणत राहिली.

मागून सगळे आले. रणजीतने झोळीची गाठ ओढून पाहिली. सुटेना. नाव, गाव, नवरा विसरणाऱ्या हातांनी ती गाठ मारली होती.

"बाप रे," जयमाला म्हणाली. ती पांढरी पडली होती. "म्हणजे गॅस… गच्ची… सगळं आईंनीच?" मग तिचा चेहरा पुन्हा कामाला लागला. "आता यांना एकटं ठेवायचं नाही. वरच्या खोलीत ठेवू. बाहेरून कडी आहे…"

सकाळी ती खोली कुणासाठी सुचवली होती हे तिच्या लक्षातही आलं नाही. तेजस्विनीच्या आलं.

सुभद्राबाई हळूहळू चालत पोहोचल्या. त्यांनी झोळीत वाकून पाहिलं, झोळी रिकामी होती. बाळाकडे पाहिलं नाही. अण्णांकडे पाहिलं.

"ते गेलं न्हवं?" त्या म्हणाल्या. "मी इसरले न्हवते. सांगते तर कुनी ऐकंना. मी दुपारी आत्याबाईंच्या हातात दिलं हुतं. घरी न्या म्हनलं, ऊन झालंय म्हनलं. त्येंनी घ्येतलं. मी बघितलं त्येंनी घ्येतलं. मग त्येंनी परत झोळीत टाकलं नि घरी गेल्या. सांजंला मी घरी आले तर म्हनल्या, लेकरू कुटं हाय?"

दीपमालाच्या जन्माआधी आईला एक मूल झालं होतं, बारशाआधीच गेलं, एवढं तिला माहीत होतं. ते आईच्या हलगर्जीपणाने गेलं, उन्हात झोळीत विसरली, असं आत्या-काकवा सांगायच्या. बाळंतीण ती, तिला कुठलं भान, असंही वर म्हणायच्या. तीही तेच मानत आली होती.

अण्णा खाली बसले होते. "आई तवापासनंच इसराया लागली हुती," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मला पुडं कळलं. पन आईवर बोट कसं दाखवू?"

"आत्याबाईंच्या हातात दिलं हुतं," सुभद्राबाई पुन्हा म्हणाल्या. सांगून सांगून वाक्य झिजलं होतं, तरी त्या ते पहिल्यांदाच सांगत असल्यासारख्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

तेच वाक्य तेजस्विनी आत्ताच हॉलमध्ये बोलली होती. पिन नसती तर तीही ते म्हातारी होईपर्यंत सांगत बसली असती.

ती बाळाला घेऊन उठली. "हो आई," ती म्हणाली. "तुम्ही दिलं होतं. तुम्ही विसरला नव्हता."

सुभद्राबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. सून म्हणून ओळखलं की नाही कोण जाणे. पण खांदे खाली आले, पुष्कळ वर्षांचं काहीतरी उतरवून ठेवावं तसे.

---

पाहुण्या बायका घुगऱ्यांच्या वाट्या हातात धरून तशाच बसल्या होत्या. खायचं की नाही ते कुणालाच समजेना. बाळाचं अंग पुसून, पाणी शिंपडून, पाजून झालं. पिन उजवीकडे गेली. उद्या आईंना डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. अण्णा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर गेले होते आणि सागवानी दाराची कडी काढत होते. गंजलेले स्क्रू किरकिरत असल्याचं खाली ऐकू येत होतं.

"चिंचवडचं काय?" रणजीतने दबकत विचारलं.

"मी कुठंही जाणार नाही," तेजस्विनी म्हणाली. "आणि बाळही नाही." त्याने मान खाली घातली. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, पण आज त्याची पाळी नव्हती.

"नाव राहिलंय," शालनबाईंनी आठवण केली.

दीपमाला मागे सरली. "तेच नाव पुन्हा मी नाही सांगणार. ते… त्याच्या कानात गेलंय."

सगळ्यांनी कोपऱ्यात पाहिलं. सुभद्राबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर कुंचीतला वरवंटा होता आणि त्या त्याला हलक्या हाताने थोपटत होत्या. काढून घ्यायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

"ह्याचं नाव काय ठिवलं गं?" त्यांनी विचारलं.

"सिद्धेश," तेजस्विनी म्हणाली.

"सिद्देश." त्यांनी ते जिभेवर घोळवलं. "बरं हाय. ह्याला नावच न्हवतं बग."

मग दीपमालाने पुन्हा वाकून बाळाच्या कानात दुसरं नाव सांगितलं. तेजस्विनीने तिथल्या तिथे सुचवलं ते, गणराज. कान ऊन होता आणि त्याने तो झटकला. बायकांनी सुटकेने टाळ्या वाजवल्या. जयमाला पाळण्याच्या पलीकडे उभी होती. तिचे डोळे सुजले होते आणि हात पुढे करायचं तिचं धाडस होत नव्हतं.

तेवढ्यात सुभद्राबाई उठल्या. वरवंटा घेऊन त्या थेट तेजस्विनीपुढे आल्या. "मला जरा पानी धराया जायाचंय," त्या म्हणाल्या. "ह्याला घरी ने. ऊन झालंय. इसरू नगंस."

तेजस्विनीने आपलं बाळ जयमालाच्या हातात दिलं. "ताई, तुमच्या हातात देतेय," ती म्हणाली. जयमालाने त्याला छातीशी धरलं आणि तिला रडू फुटलं.

मग तेजस्विनीने दोन्ही हात पुढे केले. वरवंटा जड होता, आणि इतका वेळ मांडीवर राहून कोमट झाला होता.

"दिलंत आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझ्या हातात दिलंत. ह्या सगळ्यांनी बघितलंय."